स्पोर्टी क्रॉसओव्हर : टेस्ट ड्राइव्ह आणि तुलनेविषयी वाचकांचे प्रश्न

उंच बसण्याची सोय असलेली, दिसायला दणकट आणि जाहिरातीत ‘स्पोर्टी’ म्हणवली जाणारी क्रॉसओव्हर, म्हणजे साध्या कारच्या पायावर बांधलेली एसयूव्हीसारखी उंच गाडी, घ्यावी की नाही, आणि घ्यायची तर तिची तुलना कोणत्या गाड्यांशी करावी, अशा आशयाची इतकी पत्रे आली आहेत की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत. माहितीपत्रकातले आकडे मी आवर्जून वाचतो, पण निर्णय मात्र एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी, लागोपाठ चालवलेल्या दोन-तीन गाड्यांवर सोडतो, आणि वाचकांनीही तसेच करावे असा माझा आग्रह आहे. खालची बहुतेक उत्तरे या आग्रहातूनच आली आहेत.

प्रश्न : आम्ही तीन गाड्या निवडल्या आहेत : एक स्पोर्टी क्रॉसओव्हर, त्याच कंपनीची हॅचबॅक आणि एक साधी, कुटुंबासाठीची एसयूव्ही. प्रत्येकीची वीस मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह मिळणार आहे. एवढ्या वेळात नेमके काय पाहावे?

उत्तर : गाडी पाहण्याआधी रस्ता ठरवा. शोरूमचा माणूस आपल्याला ज्या रस्त्याने नेतो तो बहुधा सरळ, गुळगुळीत आणि मोकळा असतो, आणि अशा रस्त्यावर आजची कोणतीही नवी गाडी चांगलीच वाटते. आपल्या रोजच्या वापरातला सात-आठ किलोमीटरचा फेरा निवडा, ज्यात थोडी गर्दी, एखादा गतिरोधक, खराब झालेला एक तुकडा, ओळखीची दोन वळणे आणि जरा वेग घेता येईल असा मोकळा भाग असेल. शक्य असेल तर त्या दिवशी सकाळी याच फेऱ्यावरून आधी स्वतःची सध्याची गाडी न्या. तिची आपल्या हातापायांना इतकी सवय झालेली असते की तिच्यात काय जाणवते याकडे आपले लक्षच राहत नाही. मुद्दाम लक्ष देऊन चालवली की तीच मोजपट्टी होते, आणि नव्या गाडीत ‘किती छान’ असे वाटण्याऐवजी ‘कशापेक्षा छान’ हे सांगता येते.

निघण्यापूर्वी टायरांतील हवा तपासून घ्या, असे मी प्रत्येकाला सांगतो, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी एक क्रॉसओव्हर चालवली आणि ती फार आदळते म्हणून जवळजवळ मनातून काढून टाकली होती. उतरल्यावर हवा मोजली, तर चालकाच्या दाराच्या खांबावर छापलेल्या आकड्यापेक्षा चारही टायरांत बरीच जास्त हवा निघाली. नव्या गाड्या कारखान्यातून निघून ग्राहकापर्यंत पोहोचेपर्यंत बराच काळ उभ्या राहतात, त्या काळात टायर एका बाजूने चपटे पडू नयेत म्हणून त्यांत हवा जास्त भरलेली असते, आणि ती नंतर कमी करायची त्या ठिकाणी राहून गेली होती. हवा बरोबर करून तीच गाडी त्याच रस्त्यावरून पुन्हा नेली, तेव्हा माझ्या टिपणातली निम्मी तक्रार मला खोडावी लागली. ज्या गाडीविषयी आपण इतका मोठा निर्णय घेणार आहोत, तिच्यावर असा अन्याय होऊ देऊ नये.

गाडीत बसल्यावर सीट, स्टीअरिंग आणि आरसे नीट लावण्यात दोन मिनिटे खुशाल घालवा, आणि संगीत बंद ठेवा. पहिले दोन-तीन किलोमीटर काहीही ठरवू नका, कारण ब्रेकचा पेडल किती दाबायचा आणि ॲक्सिलरेटर किती हलका आहे, हे अंगवळणी पडायला तेवढे अंतर लागते. त्यानंतर गतिरोधकावरून रोजच्याच वेगाने जा आणि गाडीचा पुढचा भाग उतरताना काय करतो ते पाहा. खाली दबून एकदाच वर येऊन स्थिर झाला तर शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांचा मेळ चांगला आहे. पुन्हा एक-दोन हेलकावे आले तर तोच हेलकावा वेगात असताना लाटांसारख्या रस्त्यावर जास्त त्रास देईल.

यानंतरची परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती चालवणाऱ्याला देता येत नाही. मागच्या सीटवर एक जाणकार माणूस बसवा आणि त्याला पुढे शेजारी बसलेल्याच्या डोक्याकडे पाहत राहायला सांगा. खराब तुकड्यावरून ताशी वीस-तीस किलोमीटरने जाताना, विशेषतः एकाच बाजूचे चाक खड्ड्यात गेले की, पुढच्याचे डोके हेडरेस्टच्या कडेपासून किती वेळा आणि किती झटक्याने डावी-उजवीकडे फेकले जाते, हे मागून स्पष्ट दिसते. ज्याचे डोके हलते आहे त्याला ते इतके स्पष्ट कळत नाही, कारण मान आपोआप तोल सावरत असते. पण तास-दोन तासांनी तीच मान दुखू लागते. स्पोर्टी म्हणून बांधलेल्या उंच गाड्यांची खरी कसोटी इथे लागते. वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंची चाके जोडणारा अँटी-रोल बार जाड ठेवलेला असतो. त्यामुळे एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या बाजूलाही ओढतो, आणि आपण जमिनीपासून जितके उंच बसलेले असतो तितका तो झोका डोक्यापाशी मोठा होतो. हॅचबॅकमध्ये तोच खड्डा कदाचित आवाजाने जास्त जाणवेल, पण डोके तितके हलणार नाही.

वळणावर वेगाची हौस भागवू नका. रोजच्याच वेगाने वळण घ्या आणि स्टीअरिंग एकदा वळवल्यावर हाताला मध्येच किती वेळा दुरुस्ती करावी लागते ते मोजा. चांगल्या गाडीत हात एकदा वळतो, तिथेच थांबतो आणि वळण संपले की सावकाश परततो. गाडी किती कलते यापेक्षा ती कशी कलते याकडे मी जास्त लक्ष देतो. बऱ्यापैकी कलणारी, पण एका संथ हालचालीत कलून तिथेच टेकणारी गाडी विश्वास देते. कमी कलणारी, पण अचानक झुकून मग पुन्हा हलणारी गाडी मागच्या सीटवरच्या मुलांना मळमळ आणते. मोकळ्या भागावर ताशी चाळीसवरून ऐंशीपर्यंतचा पिकअप पाहा आणि ॲक्सिलरेटर दाबल्यापासून गाडी प्रत्यक्ष पुढे ओढली जाईपर्यंत किती वेळ जातो याची नोंद घ्या. परत आल्यावर, पुढच्या गाडीत बसण्याआधी, चार ओळी लिहून काढा; तिसरी गाडी चालवून होईपर्यंत पहिलीची आठवण फार पुसट झालेली असते.

प्रश्न : क्रॉसओव्हर आणि हॅचबॅक, दोन्हींत तेच इंजिन आहे. मग वेगात आणि रस्ता धरण्यात खरोखर फरक पडतो का, की ही केवळ जुन्या चालकांची समजूत आहे?

उत्तर : फरक पडतो, पण लोक समजतात त्या ठिकाणी नाही. फोर्डच्या फिएस्टा एसटी आणि प्युमा एसटी या जोडीचे उदाहरण बोलके आहे. प्युमा ही क्रॉसओव्हर फिएस्टाच्याच पायावर बांधलेली होती आणि दोघींतही दीड लिटरचे, तीन सिलिंडरचे, सुमारे २०० अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन दिलेले होते. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला कंपनीने फिएस्टासाठी ६.५ सेकंद सांगितले होते आणि प्युमासाठी ६.७. हा दोन दशांश सेकंदाचा फरक कोणत्याही माणसाला सीटवर बसून कळणार नाही. मात्र हा आकडा जुळवल्यावरही अभियंत्यांना प्युमाच्या मागच्या बाजूचा ट्विस्ट बीम (मागची दोन्ही चाके जोडणारा, थोडा पिळला जाणारा आडवा दांडा) फिएस्टापेक्षा जास्त कडक करावा लागला, कारण उंचावलेल्या वजनाला वळणावर आवर घालायचा होता. तुलना करताना लक्ष द्यायचे ते अशा ठिकाणी.

हे वजन उंचावते म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखे आहे. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर १.५५ मीटर आहे आणि हॅचबॅकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे असे धरू. चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की सुमारे १.४१ हा आकडा येतो. क्रॉसओव्हरचा गुरुत्वमध्य फक्त सात सेंटिमीटर वर, म्हणजे ६२ सेंटिमीटरवर गेला, तर तोच आकडा १.२५ पर्यंत उतरतो. आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटण्याची शक्यता जास्त. हेच गुणोत्तर अमेरिकेची महामार्ग सुरक्षा यंत्रणा २००१ पासून गाडी उलटण्याच्या धोक्याचे तारांकन देण्यासाठी वापरत आली आहे. साध्या कारसाठी ते साधारणपणे १.३ ते १.५ आणि उंच एसयूव्हीसाठी १.० ते १.३ असते. चांगली बांधलेली क्रॉसओव्हर या दोन गटांच्या सीमेवर बसते. गुरुत्वमध्य उंच असला की वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जास्त प्रमाणात सरकतो, आणि टायरचा स्वभाव असा आहे की भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. परिणामी चारही चाकांची मिळून पकड थोडी कमी होते. ही उणीव भरून काढण्यासाठी रुंद टायर, कडक स्प्रिंग आणि जाड अँटी-रोल बार येतात, आणि त्यांची किंमत आपण आधीच्या उत्तरातल्या त्या डोक्याच्या झोक्यातून मोजतो.

उंच गाडी उलटण्याची भीती अनेक पत्रांत आहे, म्हणून दोन शब्द त्याविषयी. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार नियतकालिकाने समोर अचानक आलेला अडथळा चुकवण्याची चाचणी घेतली, तेव्हा मर्सिडीझची नवी, उंच बांध्याची लहान ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीने सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सर्वच ए-क्लास गाड्यांत बसवले. युरोपीय संघात ही यंत्रणा नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या गाड्यांना सक्तीची आहे, आणि ती ज्या क्रॉसओव्हरमध्ये नाही ती कितीही स्पोर्टी दिसत असली तरी तिचा विचार करू नये. ही अडथळा चुकवण्याची चाचणी बंदिस्त मैदानात प्रशिक्षित चालक करतात. टेस्ट ड्राइव्हमध्ये स्टीअरिंग झटक्याने इकडेतिकडे फिरवून पाहण्याचा मोह टाळा.

आणखी एक फरक वेगवान रस्त्यावर कळतो, तो हवेचा. हॅचबॅकचा वायुरोधाचा गुणांक (गाडीचा आकार हवेला किती अडतो ते सांगणारा आकडा) ०.३० आणि समोरून दिसणारे क्षेत्रफळ २.१५ चौरस मीटर असेल, आणि क्रॉसओव्हरचे हेच आकडे ०.३५ आणि २.५ असतील, तर गुणाकार अनुक्रमे ०.६४५ आणि ०.८७५ येतो; म्हणजे त्याच वेगाला क्रॉसओव्हरला हवा सुमारे ३६ टक्के जास्त जोराने अडवते. गावात ताशी चाळीसने फिरताना याचा फारसा पत्ता लागत नाही, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी शंभरच्या पुढे तो इंधनात आणि आवाजात दिसू लागतो. ज्यांचा बहुतेक प्रवास महामार्गावर होतो त्यांनी टेस्ट ड्राइव्हमध्ये पाच मिनिटे तरी त्या वेगाने गाडी चालवावी आणि दाराच्या आरशाजवळचा वाऱ्याचा आवाज ऐकावा.

प्रश्न : स्पोर्ट मोडचे बटण दाबल्यावर गाडी एकदम जिवंत झाल्यासारखी वाटली. हा फरक खरा असतो का?

उत्तर : फरक खरा असतो, इंजिनाची ताकद मात्र बहुतेक गाड्यांत तेवढीच राहते. स्पोर्ट मोडमध्ये ॲक्सिलरेटरच्या थोड्या दाबाला इंजिन जास्त प्रतिसाद देते, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवतो आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगची मदत कमी होऊन ते हाताला जड लागते. काही गाड्यांत स्पीकरमधून इंजिनाचा आवाजही वाढवलेला असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर नॉर्मल मोडमध्येही तेवढीच शक्ती मिळते, हे स्वतः करून पाहा. सस्पेन्शनमध्ये मात्र तेव्हाच बदल होतो जेव्हा गाडीत कडकपणा बदलणारे ॲडॅप्टिव्ह डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) असतात, आणि ते महागड्या आवृत्त्यांतच सापडतात. म्हणून ‘स्पोर्टमध्ये गाडी रस्ता जास्त धरते’ असे कोणी सांगितले तर या गाडीत असे डॅम्पर आहेत का, एवढा एकच प्रश्न विचारा.

जड स्टीअरिंग म्हणजे बोलके स्टीअरिंग, ही गल्लत फार होते. बोलके स्टीअरिंग पुढच्या टायरांची पकड कमी होऊ लागली की हाताला हलके लागून ते कळवते. मोटरने वाढवलेला जडपणा सगळ्या रस्त्यावर सारखाच राहतो आणि काहीही कळवत नाही. टेस्ट ड्राइव्हचा संपूर्ण फेरा नॉर्मल मोडमध्ये करावा आणि स्पोर्ट मोड शेवटच्या पाच मिनिटांत पाहावा, कारण रोजच्या वापरात गाडी नॉर्मल मोडमध्येच राहणार आहे.

प्रश्न : आम्हाला मधली आवृत्ती घ्यायची आहे, पण टेस्ट ड्राइव्हसाठी सर्वांत वरच्या आवृत्तीची गाडी देतात. चाकाच्या आकाराने एवढा काय फरक पडणार?

उत्तर : बराच पडतो, आणि तो दोन्ही बाजूंनी पडू शकतो. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्यांत पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो आणि दुसरा आकडा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो; शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत असतो. २१५/६० आर १७ या टायरची भिंत १२९ मिलिमीटर उंच असते. २२५/४५ आर १८ ची जेमतेम १०१. खड्ड्याचा पहिला झटका ही रबराची भिंत खाते, तिच्यानंतर स्प्रिंगची पाळी येते. भिंत अठ्ठावीस मिलिमीटरने कमी झाली की ती झटकाही कमी खाते आणि रिम वाकण्याची शक्यताही वाढते. उलट वळणावर ठेंगणी भिंत कमी वाकते, त्यामुळे स्टीअरिंग फिरवल्याबरोबर गाडीचे नाक वळते, आणि लोक ज्याला ‘शार्प’ म्हणतात तो गुण येतो.

म्हणजे वरच्या आवृत्तीत तुम्हाला गाडी चपळ पण आदळणारी वाटली, तर मधली आवृत्ती थोडी मऊ आणि थोडी संथ वाटेल, एवढा अंदाज बांधता येतो. पण अंदाजावर पैसे देऊ नयेत. ज्या मापाची चाके घ्यायची आहेत त्याच मापाची गाडी मिळेपर्यंत थांबावे, दुसऱ्या शोरूममध्ये विचारावे, हे माझे स्पष्ट सांगणे आहे. हॅचबॅकशी तुलना करतानाही दोघींच्या टायरांची मापे लिहून ठेवा, नाहीतर तुलना गाड्यांऐवजी टायरांची होऊन बसते.

प्रश्न : मला क्रॉसओव्हर चालवायला आवडली, पण आईला मागे बसून ती आवडली नाही. ती म्हणते की चढायला सोपी आहे, पण आत कोंडल्यासारखे वाटते. कोणाचे ऐकावे?

उत्तर : आईचे म्हणणे दोन्ही बाजूंनी बरोबर आहे आणि त्यांनी ते फार नेमक्या शब्दांत मांडले आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी सीटची उंची सर्वांत महत्त्वाची असते. सीट माणसाच्या कंबरेच्या जवळपासच्या उंचीवर असली तर त्याला खाली वाकावे लागत नाही आणि वर चढावेही लागत नाही, तो फक्त बाजूने सरकतो. साध्या हॅचबॅकमध्ये सीट खोल असते आणि मोठ्या एसयूव्हीत पायरी चढावी लागते, म्हणून या एका बाबतीत क्रॉसओव्हर दोघींपेक्षा सोयीची आहे. पण तिला स्पोर्टी रूप देताना छत मागे उतरते केलेले असते, मागच्या दाराची काच लहान होते आणि काचेची खालची कड वर चढते. निसानच्या पहिल्या ज्यूकमध्ये मागच्या दाराची मूठ काचेच्या चौकटीत, वर लपवलेली होती. दिसायला ती दोन दारांची गाडी वाटे, पण लहान मुलांचा हात तिथे सहज पोहोचत नसे. रूप आणि सोय यांची अशी ओढाताण या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत आहे.

माझी सूचना अशी की पुढच्या वेळी तुम्ही मागे बसा आणि गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्या. पुढची सीट तुमच्या उंचीला लावून तिच्या मागे बसा, आणि दार उघडून आत शिरताना डोके छताच्या कडेला लागते का, पाऊल दाराच्या खालच्या कोपऱ्यात अडकते का, मांड्यांना सीटचा आधार गुडघ्यापर्यंत मिळतो का, ते पाहा. मांडीला आधार नसेल तर दोन तासांच्या प्रवासात पाय अवघडतात, हे शोरूममध्ये दोन मिनिटे बसून कधीच कळत नाही. जी माणसे गाडीत रोज बसणार आहेत ती सगळी टेस्ट ड्राइव्हला न्यावीत. चालकाच्या एकट्याच्या आनंदावर घेतलेल्या गाडीचा त्या घरात पुढे फार दिवस आनंद राहत नाही.

प्रश्न : स्पोर्टी क्रॉसओव्हर घ्यायची तर चारही चाकांना शक्ती देणारी घ्यावी का?

उत्तर : बर्फ, चिखल किंवा कच्च्या चढाच्या रस्त्यावर नेहमी जायचे असेल तर घ्यावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लावल्यावर ती काही लवकर थांबत नाही, कारण ब्रेक चारही चाकांना आधीच असतात. एक अपवाद सांगण्यासारखा आहे : पहिल्या ज्यूकच्या वरच्या आवृत्तीत मागच्या डाव्या आणि उजव्या चाकाला वेगवेगळी शक्ती देण्याची सोय होती, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त शक्ती मिळाल्यामुळे गाडी वळणात ओढली जात असे. शिवाय त्या आवृत्तीला मागे प्रत्येक चाक वेगवेगळ्या दांड्यांनी स्वतंत्र धरणारे मल्टी-लिंक सस्पेन्शन होते, साध्या आवृत्तीला टॉर्शन बीम, म्हणजे वर सांगितलेला ट्विस्ट बीमच. म्हणजे नाव एकच असले तरी या दोन वेगळ्या गाड्या होत्या. ज्या आवृत्तीची परीक्षणे वाचून मत बनवले आहे तीच आपण घेत आहोत ना, हे तपासावे.

प्रश्न : इलेक्ट्रिक क्रॉसओव्हर पेट्रोलच्या तुलनेत फारच जलद वाटली. तिची तुलना त्याच पद्धतीने करावी का?

उत्तर : पद्धत तीच ठेवा, पण पहिल्या धक्क्याने भुलू नका. इलेक्ट्रिक मोटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, जागेवरून निघतानाच पूर्ण मिळतो, तिथे टर्बोने हवा दाबेपर्यंत थांबायचे नसते, म्हणून सिग्नलवरून सुटताना ती नेहमीच सरस वाटणार. वजनदार बॅटरी तळाशी असल्यामुळे तिचा गुरुत्वमध्य तेवढ्याच उंचीच्या पेट्रोल क्रॉसओव्हरपेक्षा खाली असतो आणि ती कमी कलते, हाही खरा गुण आहे. पण एकूण वजन काही शे किलोंनी जास्त असते, आणि ते वजन खराब रस्त्यावर आणि ब्रेक लावताना लपत नाही.

ब्रेककडे विशेष लक्ष द्या. पाय उचलल्यावर मोटरच जनित्र होऊन गाडी हळू करते, आणि पेडल दाबल्यावर काही गाड्यांत मोटरकडून खऱ्या ब्रेककडे होणारा बदल पायाला जाणवतो. अगदी थांबतानाचा शेवटचा मीटरभर पेडल एकसारखा वाटतो का, ते गर्दीत चार-पाच वेळा थांबून पाहा. पाय उचलल्यावरच्या या मंदगतीने मागे बसलेल्याला अनेकदा मळमळते, म्हणून तिची तीव्रता कमी करता येते का हेही विचारा.

प्रश्न : टेस्ट ड्राइव्हमध्ये विक्रेता शेजारी बसून सारखा बोलत होता, आणि रस्ताही त्याने ठरवलेलाच होता. आपले म्हणणे कसे मांडावे?

उत्तर : सभ्यपणे, पण निघण्याआधी. फोनवर वेळ ठरवतानाच सांगा की रस्ता आम्ही निवडू, घरचे तिघे सोबत असतील आणि अमुक मापाच्या चाकांची गाडी हवी. गाडी सुरू करताना म्हणा, ‘पहिली दहा मिनिटे मला आवाज ऐकायचे आहेत, तुमची माहिती आपण परतताना घेऊ.’ बहुतेक विक्रेते हे मान्य करतात, कारण प्रश्न घेऊन आलेला ग्राहक खरेदीच्या जवळ असतो हे त्यांना कळते. जो अजिबात मान्य करत नाही, त्याच्याकडून त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरण्याचा आग्रहही होतो असा माझा अनुभव आहे. तिथून चावी परत देऊन निघावे.

प्रश्न : तीनही गाड्या तुम्ही याआधी सुचवलेल्या पद्धतीने चालवून झाल्या. हॅचबॅक चालवायला जास्त आवडली, क्रॉसओव्हर घरच्यांना आवडली, आणि आता काहीच ठरत नाही. दोन मुलांच्या सायकलीही गाडीतून न्यायच्या असतात.

उत्तर : या दोनच गाड्या पुन्हा मागून घ्या, तिसरी सोडून द्या, आणि या वेळी अंधार पडल्यावर न्या. रात्री हेडलाइटचा पल्ला, समोरून येणाऱ्या प्रकाशात डॅशबोर्डचे काचेवर पडणारे प्रतिबिंब आणि जाड खांबांमागे लपणारे पादचारी या तीन गोष्टी दिवसाच्या फेरीत दिसलेल्या नसतात. नंतर दोन्ही गाड्या तुमच्या रोजच्या पार्किंगच्या जागेत उलट्या लावून पाहा, कॅमेरा झाकून एकदा आणि उघडा ठेवून एकदा. तुम्ही दोन मुलांच्या सायकली नेण्याचा उल्लेख केला आहे, तर त्या सायकली घेऊनच जा आणि मागची सीट पाडून प्रत्यक्ष आत ठेवा. डिकीचे लिटर छापलेले असतात, पण डिकीच्या तोंडाची रुंदी आणि तिच्या खालच्या कडेची उंची छापलेली नसते. सायकली हॅचबॅकमध्ये चाक न काढता बसल्या, तर घरच्यांना त्याच रात्री तिच्यात अर्धा तास मागे बसवा आणि मग त्यांना पुन्हा विचारा.